काळं म्हणजे जळलेलं नव्हे : जांबोटीच्या साठ इंची पंख्याचं प्रकरण

आत्याचा पंखा माझ्याकडे आला तो खताच्या पोत्यातून. २०२४ च्या आषाढी एकादशीनंतरचा रविवार होता. आतेभावानं जांबोटीहून जीपच्या मागच्या सीटखाली कोंबून आणलेलं पोतं बेळगावात अनगोळच्या आमच्या घरी पडवीत टेकवलं आणि पाच मिनिटांत खाली पाण्याचा डाग पसरला. "गणपतीला माजघरात फिरायला पाहिजे म्हणालीय आई," एवढं सांगून, चहा घेऊन तो माघारी गेला. चतुर्थी ७ सप्टेंबरला. म्हणजे हातात जेमतेम सात आठवडे.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामाचं माप बरोबर की चूक, हे दिवसभर बघायचं. पंख्यांचा नाद लागला तो शहापूरच्या एका विणकराच्या घरात. तिथल्या बंद पडलेल्या पंख्याच्या पोटातून ओंजळभर सुताचं तूस निघालं होतं आणि तेवढं काढल्यावर तो मुकाट फिरायला लागला. पहिल्याच खेपेला इतकं सोपं प्रकरण मिळालं की माणूस बिघडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली जिथं सायकलचं दुकान काढलं, त्या गावात उघडून बघायची खोड असणं तसं नवलाचंही नाही. शहापूरच्यानंतर दहा पंखे झाले. आत्याचा बारावा. यात मी स्वतः दोनदा चुकलो, म्हणून सविस्तर लिहितोय.

वस्तू

पितळी पाटी घासल्यावर वाचता आली : एसी, २२०/२३० व्होल्ट, ५० सायकल, ६० इंच, कलकत्ता. हर्ट्झ हे नाव १९६० साली आंतरराष्ट्रीय मापपद्धतीत आलं, पण आपल्याकडच्या पाट्यांवर 'सायकल' नंतरही छापत राहिले, त्यामुळं त्यावरून वय ठरत नाही. आत्या म्हणते तिच्या लग्नाच्या जेवणावळीवर हाच फिरत होता आणि लग्न १९६८ चं. मला तेवढा पुरावा पुरे.

पाती वगळून नुसती मोटर साडेनऊ किलो भरली. आजचा नवा अख्खा पंखा त्याच्या निम्म्यानंही भरत नाही. बरोबर ओतीव लोखंडाच्या डब्यातला रेग्युलेटर होता, ज्याची मूठ फिरवली की टक टक आवाज करत पाच घरं मोजते.

दोन वर्षांपूर्वी आत्याच्या घराचं छप्पर बदललं, तेव्हा पंखा उतरवून काजूच्या खोलीत ठेवला होता. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे जांबोटी, कणकुंबी. मलप्रभा उगम पावते ती हीच बाजू. तिथं आषाढ-श्रावणात भिंतीला पाठ टेकवली तर सदरा ओला होतो. असे दोन पावसाळे पंखा जमिनीवर, पोत्यावर, उघडा पडून होता. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी माहीत होती. पुढं जे झालं ते बघता ती मी कानाआड केली असंच म्हणावं लागेल.

तक्रारी तीन होत्या. बटण दाबलं की घुमतो, पण फिरंना. हातानं ढकललं तर फिरतो. आणि अंगाला हात लावला की मुंग्या येतात.

पहिली चूक

घुमतो पण सुटत नाही, आणि ढकलाल त्या बाजूला फिरतो, हे कंडेन्सर गेल्याचं लक्षण. छताच्या पंख्यात दोन वायंडिंग (तारेच्या वेढ्यांच्या गुंडाळ्या) असतात, एक रनिंग आणि एक स्टार्टिंग. स्टार्टिंगमधला प्रवाह थोडा पुढं सरकवायचं काम कंडेन्सर करतो, म्हणून चुंबकाला एक दिशा मिळते. कंडेन्सर मेला की रनिंग एकटं पडतं. ते जागच्या जागी धडधडतं, पण कुठल्या बाजूला जायचं हे त्याला कोणी सांगत नाही. तुम्ही हातानं सांगितलं की ऐकतं.

वरच्या वाटीत पत्र्याचा चपटा डबा होता, त्यावर २ एमएफडी, म्हणजे मायक्रोफॅरड. मीटरवर भरला ०.४. हे जुने डबे कोणी कुतूहलानं फोडू नयेत. त्या काळच्या तेल भरलेल्या कंडेन्सरांत पीसीबी जातीचं विषारी तेल असू शकतं. मी तो प्लास्टिकच्या बरणीत बंद करून ठेवलाय, भंगारात दिला नाही.

गणपत गल्लीतून २.२५ चा नवा आणला. दुकानदार म्हणाला ३.१५ घ्या, जोरात फिरेल. फिरतो खरा, पण तो जोर स्टार्टिंग वायंडिंग तापवून काढलेला असतो आणि पन्नास वर्षांच्या सुती वेष्टणाकडून तो काढून घेणं म्हणजे म्हाताऱ्याला शर्यतीत उतरवणं. २.२५ जोडला, स्टँडवर टांगला, बटण दाबलं. पंखा सुटला. आवाज नाही, थरथर नाही. मी आत्याला फोन करून "झाला तुझा पंखा" सांगूनही टाकलं.

तिसऱ्या दिवशी धाकटी मुलगी अनवाणी पायांनी पडवीतून जाताना स्टँडला टेकली. "पप्पा, चुरचुरतंय."

तिसरी तक्रार मला तोंडपाठ होती. मुंग्या येतात हे सांगितलेलं असताना मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) न लावता मी पंखा घरात, ओल्या फरशीवर, चालू ठेवला होता. मेगर कपाटात होता, दहा पावलांवर. यावर जास्त लिहीत नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही एवढं खरं.

दुसरी चूक

माणूस घाबरला की मापं सोडून माणसं शोधतो. दुसऱ्या दिवशी मोटर उचलून बाजारातल्या एका वायंडिंगच्या दुकानात नेली. तिथल्या कारागिरानं प्लगला जोडून टेस्टर अंगाला लावला. टेस्टर लख्ख पेटला. मोटर उघडली, वरचं झाकण बाजूला केलं, आत डोकावला आणि मान हलवली. कॉइल काळीकुट्ट.

"पूर्ती सुट्टैत्री." पूर्ण जळलंय. नवीन भरायचे ८५० रुपये, चार दिवस लागतील.

मी हो म्हणून घरी आलो. रात्री झोपेना. कारखान्यात एखादा जॉब रद्द करताना आकडा लिहावा लागतो. 'खराब आहे' एवढं लिहून कोणी सही केली तर आम्ही त्याला परत पाठवतो. आणि इथं मी रंग बघून रद्द केलेलं मान्य करून आलो होतो. सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. कॉइलचे शेंडे कापायला छन्नी टेबलावर काढून ठेवलेली होती, पंख्याचा नंबर तिसरा होता. परत द्या म्हटल्यावर कारागीर वैतागला. "घरी नेऊन काय पूजा करणार काय वो?"

त्याचा राग समजण्यासारखा आहे. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक मोटरी खरोखर जळलेल्या असतात, आणि न जळलेली मोटर वाळवत बसायचे पैसे कोण देतो? पण साठ इंची जुना पंखा भरायला देताना एक धोका असतो, तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. याच्या कोअरला (ज्या लोखंडी गाभ्यावर कॉइल भरतात त्याला) मी खाचा मोजल्या, त्या ३६ निघाल्या. बाजारात रोज भरले जातात ते पंखे कमी खाचांचे. जुनी कॉइल कापताना वेढे मोजले नाहीत, तारेचं गेज घेतलं नाही, तर अंदाजानं भरतात. पंखा फिरतो, पण तापतो, नाहीतर रेंगाळतो. मूळ हिशोब मात्र छन्नीखाली कायमचा जातो.

काळ्या रंगाची चौकशी

आता नीट बसलो. कॉइलचा रंग काळा का? त्या काळी कॉइल डांबरी जातीच्या काळ्या वार्निशात बुडवायचे. म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाही ती काळीच होती. नखानं एका कडेला हळूच दाबलं. जळालेल्या कॉइलचं वेष्टण कोळशासारखं भुरभुरतं, बोटाला काजळी लागते. इथं नख रुतलं आणि जागा परत वर आली, मऊ रबरासारखी. सुती वेष्टण ब्लेडच्या टोकानं केसभर उचललं तर खाली तांबं नव्या पैशासारखं चमकत होतं. वास घेतला. जळकी मोटर नाकात जाते आणि दिवसभर तिथंच राहते. याला वास होता तो बंद ट्रंकेतल्या जुन्या गोधडीचा.

मग मीटर. तीन वायर, तीन जोड्या : १२१ ओहम, १४६ ओहम, २६६ ओहम. पहिले दोन मिळवले की तिसरा जवळपास येतो, म्हणजे दोन्ही वायंडिंग सलग आहेत, मधे कुठं तुटलेली नाहीत. पण आतल्या आत वेढे चिकटले असतील तर एवढ्यानं कळत नाही, कारण मूळ आकडा माहीत नाही. त्यासाठी बाहेरचं अंग न बसवता नुसत्या कोअरला २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर अर्धा तास जोडून ठेवला आणि एकेका कॉइलवर बोट फिरवलं. चिकटलेले वेढे असतील तर ती एक कॉइल शेजारणींपेक्षा गरम लागते. सगळ्या सारख्या कोमट होत्या.

राहिला टेस्टर. निऑनचा टेस्टर पेटायला इतका थोडा प्रवाह लागतो की तुमच्या अंगातून तो गेलेला तुम्हाला कळतही नाही, म्हणून तर तो हातात धरून वापरता येतो. त्यामुळं टेस्टर पेटला याचा अर्थ 'थोडीतरी गळती आहे' एवढाच. वायर सरळ अंगाला टेकली असती तर सिरीज बल्ब (फेज आणि अंग यांच्या मधे जोडलेला दिवा) पेटला असता. मी लावून बघितला, नाही पेटला. मधलं काहीतरी होतं. आणि मधलं मोजायला मेगर असतो.

५०० व्होल्टचा हातानं फिरवायचा मेगर. एक टोक वायंडिंगला, दुसरं शाफ्टला, मूठ एका लयीत मिनिटभर. काटा ०.२ मेगओहमवर. निदान १ तरी हवा. ०.२ म्हणजे २३० व्होल्टला साधारण एक मिलिअँपिअर गळती, बरोबर चुरचुरण्याइतकी. तीस मिलिअँपिअरचा ट्रिप स्विच अशा गळतीला पडतही नाही.

म्हणजे वायंडिंग धड, तांबं धड, सूत ओलं. पंखा जळलेला नव्हता, भिजलेला होता. पोत्याखालचा डाग रविवारीच हे सांगत होता.

पेटी

वाळवायला काय? आमच्या शेजारच्या फाउंड्रीतला मित्र म्हणाला, कोअर भाजायच्या भट्टीत रात्रभर ठेवू, सकाळी कडकडीत. भट्टी दोनशेच्या वर जाते. वार्निश लावलेल्या सुती इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश. खऱ्या अर्थानं जळली असती ती तेव्हा. त्याला नको म्हणताना जरा अवघड वाटलं, कारण मदत मनापासून होती.

प्लायवूडची पेटी केली, खाली दोन बाजूंना १०० वॉटचे दोन पिवळे बल्ब, वर बोटभर भोक. भोक महत्त्वाचं. वाफ बाहेर पडायला वाट नसेल तर आपण मोटर वाळवत नाही, उकडतो. कोअर मधोमध टांगला, बल्बपासून वीतभर लांब, आणि थर्मामीटर आत. ७५ अंशांच्या आसपास राहील असं बल्ब आत-बाहेर सरकवत बसवलं. आधी रंगाऱ्याच्या मऊ ब्रशनं सगळी धूळ आणि काजूच्या टरफलांचा भुसा काढला होता. तो चिकट असतो आणि ओल धरून ठेवतो.

पहिल्या तीन तासांनी मेगर लावला. ०.०८.

घटला! कोणीही इथं हात टेकेल. हीच ती जागा, जिथं बरेचजण "बघा, गेलीच होती" म्हणून मोटर भरायला पाठवतात. पण गरम इन्सुलेशनचा रोध मुळातच कमी असतो. ढोबळ हिशोब असा की दर दहा अंशांना तो निम्मा होतो. २५ वरून ७५ वर म्हणजे पाच वेळा निम्मा, बत्तिसावा भाग. त्यातच आत खोल बसलेली ओल वाफ होऊन बाहेरच्या थरात येते. त्यामुळं वाळणाऱ्या मोटरीचा आकडा आधी पडतो, काही वेळ तळाशी लोळतो आणि मग चढायला लागतो. कागदावर काढला तर पन्हळीसारखा खोलगट दिसतो. गरम असताना घेतलेला आकडा थंडच्या आकड्याशी ताडायचा नाही. एकाच तापमानाला चढतोय की पडतोय एवढंच बघायचं.

आठव्या तासाला ०.१५. रात्री वीज दोन वेळा गेली, पेटी गार झाली, पुन्हा तापवली. विसाव्या तासाला दीड. तिसाव्याला सहा. छत्तिसाव्यालाही साडेसहाच, म्हणजे आता द्यायचं होतं ते देऊन झालं. बल्ब बंद करून पेटी उघडी न करता रात्रभर गार होऊ दिली. सकाळी मूठ फिरवली, तर काटा १०० च्या पलीकडे जाऊन थांबला.

बायकोनं विचारलं, आकडा बघून हसताय कशाला?

पुढचा प्रश्न वार्निशचा. वाळलेलं सूत पुन्हा ओल पिणारच, त्यामुळं वरून इन्सुलेटिंग वार्निश हवं. कोअर कोमट असतानाच पातळ केलेलं हवेत सुकणारं वार्निश चमच्यानं कॉइलच्या शेंड्यांवर सोडलं, पलीकडून थेंब येईपर्यंत. नंतर दोन दिवस गच्चीवरच्या पत्र्याखाली वाऱ्याला टांगलं. वार्निश ओलं असताना कोअर पेटीत घालायचा नाही. थिनरची वाफ आणि तापलेला बल्ब बंद पेटीत एकत्र आले तर पंख्याबरोबर घरही जाईल.

बाकीचं

बेअरिंगात फार अडलं नाही. वरच्याचं भोक व्हर्नियरवर १५.८७ मिलिमीटर, म्हणजे पाच अष्टमांश इंच. सरसकट मिळतं ते ६२०२ हे १५ चं. ते बसवायला शाफ्ट लेथवर उतरवतात, मग तो पंखा कायमचा त्या उतरवलेल्या मापाचा. माझं नशीब, गोळ्या आणि वाट गुळगुळीत होत्या, फक्त ग्रीसचं मेण झालं होतं. रॉकेल काही मिळेना म्हणून डिझेलमध्ये दोन दिवस भिजवलं, धुतलं, नवं ग्रीस पोकळीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच भरलं. गच्च भरलं तर तेच ग्रीस तापून खाली कॉइलवर उतरतं.

पात्यांची मात्र गंमत झाली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं : ७४२, ७४५ आणि ७९१ ग्रॅम. तिसरं पातं दुसऱ्या पंख्याचं असेल असं वाटलं. रंग खरवडायला घेतला तेव्हा त्या एकावर पांढरा, निळा, पुन्हा पांढरा असे जादा थर निघाले. आत्याला विचारलं तर म्हणाली, त्यावर चिमणी धडकली होती, रक्ताचा डाग जाईना म्हणून तुझ्या मामांनी ते एकच रंगवलं. (मामा म्हणजे तिचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.) जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणी लावून पॉलिश पेपर, आणि तो चिखल मातीत नाही, डब्यात. रंग गेल्यावर वजनं ७३१, ७३३ आणि ७३६. आणि प्रत्येक पात्याच्या मुळाशी पंचचे बारीक ठिपके दिसले, एक, दोन, तीन. मोटरीच्या अंगावर कानांपाशीही तसेच. कारखान्यात कोणीतरी जोड्या लावून दिल्या होत्या. एकाला एक, दोनाला दोन बसवलं, टोकं छतापासून मोजली. चार मिलिमीटरचा फरक होता, एका कानाखाली पातळ वॉशर घातल्यावर गेला.

शॅकलमधला (पंखा हुकाला अडकवायच्या कडीतला) रबर बुश दगड झाला होता, नवा मशीन शॉपमध्येच कापून घेतला. स्प्लिट पिन नवी. या दोन वस्तूंत जुनेपणाचं कौतुक करायचं नसतं.

जांबोटी

१ सप्टेंबरला पंखा घेऊन गेलो. छप्पर नवं असलं तरी माजघराची सागवानी तुळई आणि तिच्यातला हूक जुनाच. पंखा, पाती, नळी मिळून बारा किलोच्या आसपास. हुकाला पंचवीस किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या रात्रभर टांगून ठेवल्या आणि हुकाच्या मुळाशी पेन्सिलीची रेघ मारली. सकाळी रेघ होती तिथंच होती. "तांदूळ वाळवायला टांगलास काय रे?" असं शेजारच्या आजींनी दोनदा विचारलं.

खरं काम पुढं होतं. त्या घराच्या जुन्या वायरिंगला अर्थिंगच नव्हतं, होती फक्त फेज आणि न्यूट्रल. इतकी वर्षं पंख्याचं अंग लाकडाला टांगलेलं, खाली शेणानं सारवलेली जमीन, तरी कोणाला काही झालं नाही हे दैव. आता खाली फरशी आहे. मी आतेभावाला स्पष्ट सांगितलं, अर्थिंग नाही तर पंखा परत नेतो. कुरकुरला, पण वायरमन बोलावला. त्या बाजूची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याच्या रोधाचा आकडा छान येतो, चैत्रात माती वाळली की बिघडतो. म्हणून परसातल्या नळाजवळ, जिथं बारमाही ओल असते, तिथं खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून. पंख्याचं अंग आणि रेग्युलेटरचा लोखंडी डबा दोन्ही हिरव्या वायरनं बांधले आणि बोर्डात तीस मिलिअँपिअरचा ट्रिप स्विच.

टांगून झाल्यावर पुन्हा मेगर, सगळ्या वायरिंगसकट : ४५. मग बटण.

साठ इंची पंखा सुरू होताना घाई करत नाही. पहिला फेरा मोजता येतो. एका पात्याला पांढरी पट्टी चिकटवून मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचं चित्रण केलं. ५३ चित्रांत एक फेरा, म्हणजे मिनिटाला २७२ फेरे. अठरा ध्रुवांच्या मोटरीत चुंबकाची चाल ३३३, त्यातून पात्यांचं ओझं वजा करता हे रास्त आहे. हवा मात्र माजघराच्या चारही कोपऱ्यांत पोचत होती. आवाज इतकाच, की स्वयंपाकघरातल्या भांड्याचा आवाज त्याच्यावरून ऐकू येत होता.

विजेचं खरं ते सांगतो. पूर्ण वेगाला ९६ वॉट. आजचा बीएलडीसी (बिनब्रशच्या मोटरीचा) पंखा ३० च्या आसपास घेतो. आणि एक नंबरवर ठेवला तरी ६१, कारण जुना रेग्युलेटर वेग कमी करतो तो उरलेली वीज तारेत जाळून. डब्यावर हात ठेवला तर चांगला गरम लागतो. मी नवा रेग्युलेटर सुचवला. आत्या नाही म्हणाली, तिला टक टक पाहिजे होती. वीज वाचवायला कोणी जुना पंखा दुरुस्त करू नये.

खर्च सगळा मिळून अठराशे, त्यात अर्थिंगचाच मोठा वाटा. माझे तास मोजले नाहीत.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या गणपतीला गेलो तेव्हा मेगर बरोबर नेला होता. आकडा २२. वर्षभरात निम्म्यावर आला, म्हणजे जांबोटीची हवा वार्निशमधूनही वाट काढतेच. काळजीचा नाही, पण पावसाळ्यात रोज तासभर पंखा चालू ठेवा म्हणून सांगून आलो. स्वतःच्या उष्णतेनं तो वाळत राहतो.

एक गोष्ट मला अजून सापडलेली नाही. एक, तीन, चार, पाच नंबरवर पंखा गप्प असतो. दोनवर ठेवला की अंगात कुठंतरी बारीक गुणगुणतो. वाटी सैल करून बघितली, नळीच्या पिनेत कागद घालून बघितला, बुश बदलला. तेवढ्या एका वेगाला कुठला तरी पत्रा सूर धरतो, पण कुठला ते कळंना. या खेपेला शिडी लावून वर चढलो तेव्हा आत्या खालून म्हणाली, "उतर बघू आता. आम्ही दोनवर ठेवतच नाही."

शिडी अजून तिच्या पडवीतच आहे.